मुलाखतीआधी लागलेलं अभिनंदन

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातली थोरली म्हणाली, "आजी, त्यांनी साहेबांच्या मित्राच्या मुलाला घेतलं. मुलाखत नुसती नावाला होती." एवढं बोलून तिनं फोन फिरवला आणि मला खिडकीबाहेरचा बर्फ दाखवायला लागली. बर्फ मी पाहिला. पण तिचा आवाज ओळखीचा वाटला. काही वर्षांपूर्वी आपल्या श्रीरामपूरच्या घरात असाच आवाज मी ऐकला होता, तुमच्या आत्याचा. तेव्हाची हकीकत फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मध्येच "हो आजी, हो आजी" कराल, म्हणून लिहून पाठवते. वाचताना अडलं तर वडिलांना विचारा. त्यांचं मराठी अजून शाबूत असेल अशी आशा आहे.

तुमच्या आत्यानं इंग्रजीत एम.ए. आणि मग बी.एड. केलं. घरात इंग्रजीचं वेड आधीपासूनच. माझे वडील साखर कारखान्यात कामगार होते, धम्म स्वीकारलेल्या पिढीतले. "शेत नाही ठेवणार तुझ्यासाठी, पण इंग्रजी ठेवीन," असं म्हणायचे, आणि त्यांनी मला मिशनच्या शाळेत घातलं. त्या इंग्रजीवर मी विमा कार्यालयात पत्रव्यवहाराच्या टेबलावर सगळी नोकरी केली. तेव्हा आत्यानं शिक्षिका व्हायचं ठरवलं, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

कोल्हारच्या पुढे, हमरस्ता सोडून आत गेल्यावर एक गाव लागतं. तिथल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीची एक जागा निघाली. पगार बरा होता आणि नववी-दहावीचे वर्ग मिळणार होते. आत्याला तेच हवं होतं. याआधी ती तासांवर शिकवायची. जितके तास तितके पैसे, आणि सुट्टी लागली की काहीच नाही. वय तिशीकडे चाललं होतं. ही जागा मिळाली नाही तर शिकवणं सोडून मिळेल ते काम धरायचं, असं तिनं मला स्वयंपाक करता करता सांगून टाकलं होतं.

मुलाखत अकराची होती. मी सोबत निघाले, कारण मला वेळेआधी पोचायची सवय आहे आणि तिला नाही. कोल्हारपर्यंत एसटीनं गेलो, पुढे रिक्षा केली. गावच्या चौकात उतरलो आणि समोरच भलामोठा फ्लेक्स दिसला.

तुम्ही इकडे आला होता तेव्हा असे बोर्ड पाहून हसला होता. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, खाली गॉगल घातलेल्या शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. या बोर्डावर एका तरुण बाईचा फोटो होता आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की संस्थेच्या सचिवांच्या सूनबाईंची इंग्रजी विषयाच्या शिक्षिकापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

आत्यानं बोर्ड वाचला. मग घड्याळ पाहिलं. दहाला थोडा वेळ होता.

शेजारच्या टपरीवर चहा पीत आणखी चौघी बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकच्या फायली, अंगावर कडक इस्त्रीच्या साड्या. त्या कशाला आल्या आहेत ते विचारायची गरज नव्हती. एकीनं राहुरीहून तान्ह्या मुलाला घेऊन नवऱ्यासह प्रवास केला होता. एक पाथर्डीकडची मुलगी पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघाली होती. तिचा चेहरा उतरला होता.

टपरीवाला आमच्याकडे पाहून म्हणाला, "बोर्ड तर कालच लागलाय. मला वाटलं मुलाखत झाली असंल."

"आज हाय," पाथर्डीची म्हणाली.

"आज? मग लई आधी लावला म्हणायचा." त्यानं हसू दाबलं आणि चहात साखर जरा जास्तच घातली. "बसा ताई. लगीन ठरायच्या आधी बारशाची पत्रिका छापली म्हना की."

त्यावर सगळ्या हसल्या. ती पाथर्डीची मात्र उठली. "मी न्हाई जात आत. कशाला हसं करून घ्यायचं आपलं? परतीची गाडी कदी हाय हो दादा?"

आत्या तिला म्हणाली, "बस गं. मी आठवडाभर कवितेचा पाठ तयार केलाय. तो मी आज कुणालातरी ऐकवल्याशिवाय घरी जाणार नाही."

"ऐकून काय करनार हायेत ते?"

"त्यांचं त्यांनी बघावं."

माझ्या डोक्यात तोवर तक्रारीचा मसुदा तयार व्हायला लागला होता. टेबलावरची जुनी सवय. पण तक्रार घरी जाऊनही करता येते, मुलाखत मात्र आजच होती. मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" असं विचारतात, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना म्हटलं, "मुलींनो, आत जा. नीट, हसून, सगळी उत्तरं द्या. आणि शेवटी प्रत्येकीनं एकच प्रश्न विचारा, सगळ्यांनी तोच. चौकात निवड जाहीर झाली आहे, तर आम्हाला आज कशासाठी बोलावलं?"

राहुरीचीचा नवरा म्हणाला, "मावशी, राडा होईल."

"आवाज चढवला तर होईल," मी म्हटलं. "चढवायचा नाही."

शाळेच्या ओवरीत बाकावर बसलो. थोड्या वेळानं गाडीतून तीच बोर्डावरची बाई उतरली आणि आमच्याच बाकाच्या टोकाला येऊन बसली. बी.एड. झालेली, साधी मुलगी होती. आमच्या नजरा पाहून तिचे कान लाल झाले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मावशी, तो बोर्ड मी नाही लावायला सांगितला. खरंच." मी म्हटलं, "माहीत आहे. असले बोर्ड स्वतःला कुणी लावायला सांगत नाही, ते लागतात." मग तिनं आपली पाण्याची बाटली सगळ्यांपुढे फिरवली आणि सगळ्यांनी पाणी प्यायलं. उन्हं चढली होती.

तिला आधी बोलावलं. ती आत गेली तेव्हा सचिव स्वतः बाहेर येऊन ओवरीत उभे राहिले. सुनेच्या मुलाखतीला सासऱ्यानं बसू नये, हा नियम त्यांनी अगदी काटेकोर पाळला. पाच मिनिटांत ती बाहेर आली आणि ते आत गेले.

मग आत्या गेली. आतलं तिनं मला परतीच्या एसटीत सांगितलं. पाठ चांगला झाला होता. तो वर्गात होता म्हणून मी खिडकीतून पाहिला, आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा हात वर करत होती. नंतर कार्यालयात एका सदस्यांनी अर्जावरचं आडनाव पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "तुम्हाला सरकारी भरतीत राखीव जागा असतात की. इकडं कशाला धडपडता?"

आत्या म्हणाली, "सर, जाहिरातीत लिहिलं होतं की पात्र असलेल्या कुणीही अर्ज करावा. मी त्या कुणीहीमध्ये येते."

त्यांनी अर्ज पालथा ठेवला. अध्यक्षांनी घाईनं विचारलं, "बरं, तुम्हाला काही विचारायचंय?" तिनं ठरलेला प्रश्न विचारला. अध्यक्ष दिलखुलास हसले. "अहो मॅडम, तो कार्यकर्त्यांचा उत्साह! पोरं ऐकत नाहीत."

दुसरीला उत्तर मिळालं की तो बोर्ड दुसऱ्याच कशाचा तरी आहे. तिसरीला, की छापणाऱ्याची चूक झाली. राहुरीची बाळाला नवऱ्याकडे देऊन आत गेली, तेव्हा मुख्याध्यापिका खाली मान घालून कागद चाळत होत्या आणि सचिव म्हणाले, "तुम्हाला कुणी शिकवून पाठवलंय का?" ती म्हणाली, "नाही सर. आम्हाला सगळ्यांना वाचता येतं."

शेवटी पाथर्डीची आत गेली. तोवर मंडळी शहाणी झाली होती. तिला काही विचारायचंय का, असं कुणी विचारलंच नाही. "या आता," एवढंच म्हणाले. दार उघडंच होतं, त्यामुळे हे आम्ही बाहेरून ऐकलं. ती खुर्चीतून उठली, फाईल छातीशी धरली आणि म्हणाली, "सर, मला विचारलं न्हाई, तरी मी विचारते. निवड झालेली हाय, तर मला पहाटं चारला कशापायी उठवलं?"

उत्तराची वाट न पाहता ती वळली. ती बाहेर आली तेव्हा सकाळचा उतरलेला चेहरा राहिला नव्हता.

आम्ही चौकात परतलो तेव्हा दोन माणसं शिडी लावून बोर्ड उतरवत होती. टपरीवाल्यानं सकाळच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. निकाल मात्र बोर्डावर होता तोच लागला. शिक्षण खात्याकडे आम्ही पाचही जणींच्या सह्यांची तक्रार दिली, तिची पोच आली, त्यापुढे काही आलं नाही. हे तुम्हाला गोड करून सांगणार नाही.

आणि आत्याही लगेच ताठ उभी राहिली असं नाही. त्या दिवशी तिनं सगळ्यांना धीर दिला, पण निकालानंतर तीच ढेपाळली. जेवताना मध्येच विचारायची, "आई, पाठात मी कुठं कमी पडले गं?" तो पाठ मनात पुन्हा पुन्हा घेऊन त्यात खोट शोधायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "जिथं परीक्षाच झाली नाही, तिथं तू नापास कशी होशील? त्यांनी तुला तोललंच नाही. तेव्हा तुझं वजन किती, हे त्यांना विचारू नकोस."

ती म्हणाली, "मग कुणाला विचारू?"

याचं उत्तर मी दिलं नाही. ते पाथर्डीच्या मुलीकडून आलं. तिचा फोन आला, "ताई, नगरला एका शाळंत जागा निघालीय. तुमी येताय का? जायच्या आदी मला जरा सराव करून द्या ना. तुमच्यासारखं बोलायला जमत न्हाई मला." एकाच जागेला दोघींनी अर्ज करायचा आणि एकीनं दुसरीला तयार करायचं, हे ऐकून मला गंमत वाटली. आत्याला वाटली नाही. ती म्हणाली, "ये रविवारी. पण मला पण तू प्रश्न विचारायचेस, आणि वाकडे विचारायचेस."

श्रीरामपूरला एसटी आणि रेल्वे दोन्ही येतात, म्हणून आपलं घर ठरलं. त्या रविवारी राहुरीची बाळासकट आली, पुढच्या रविवारी उरलेल्या दोघी. बैठकीच्या खोलीत एकीनं उमेदवार व्हायचं, बाकीच्यांनी समिती. समितीनं जमतील तितके दुष्ट प्रश्न विचारायचे: लग्न कधी करणार, मूल लहान आहे तर नोकरी जमेल का, आडनाव कुठलं. पहिल्या दिवशी राहुरीची रडली. महिन्याभरानं तीच समितीची अध्यक्ष झाली आणि तिच्यापुढे मलासुद्धा घाम फुटला. वेळ पाळायचं काम माझ्याकडे होतं. बाळ झोपलं तर कुजबुजत मुलाखत चालायची.

पुढच्या वर्षी आत्याला श्रीरामपुरातल्याच एका शाळेत नोकरी लागली. तिथे समितीनं तिच्याशी एका कवितेवरून वाद घातला, तेव्हाच तिला कळलं की ही मुलाखत खरी आहे. पाथर्डीची नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात लागली. बाहेरच्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलायचं काम. राहुरीचीला अजून कायमची नोकरी मिळालेली नाही. ती तासांवर शिकवते आणि मुलाखती देते.

थोरले, तुला ते काम मिळालं नाही, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो. राग ठेव, तो उपयोगाचा आहे. पण त्यांच्या निकालात स्वतःची चूक शोधत बसू नकोस. तुझ्यासारख्या तिथेही असतील. मुलाखतीच्या दिवशी बाहेर तुझ्या शेजारी कोण बसलं होतं ते आठव आणि तिला फोन कर.

आपल्याकडे आता नव्या मुली येतात, काही मुलगेही येतात. आत्या आणि राहुरीची मिळून चालवतात, मी अजून वेळ पाहते. रविवारी सकाळी दहाला बैठकीच्या खोलीतला सराव अजून सुरू आहे.