दुधाच्या कॅनमधून निघालेली गाय

लॉटरी फक्त सरकारच काढू शकतं, हे मला आमच्या दूध संस्थेच्या सचिवांमुळे कळलं. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'भव्य लॉटरी' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पुसून टाकलं. तिकिटं विकलीत तर गुन्हा दाखल होईल, असं तालुक्याच्या साहेबांनी बजावलं होतं. मग लॉटरीची 'प्रोत्साहन सोडत' झाली. तिकीट नाही, पैसे नाहीत. दूध घालणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या नंबराची एक चिठ्ठी, आणि बक्षीस म्हणून एक गाभण जर्सी गाय. अटी मात्र होत्या. गाय वर्षभर विकायची नाही, दुसऱ्याच्या दावणीला बांधायची नाही, दूध आमच्याच संस्थेला घालायचं. सचिव अधूनमधून येऊन गायीच्या कानातला बिल्ला तपासणार. आमच्या शिरूर कासारकडं त्या वर्षी माणसं घागरी घेऊन टँकरमागं पळत होती. अशात गाय वाटायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली, देव जाणे.

मी तेव्हा नुकतीच बारावी पास झाले होते. अंबाजोगाईला नर्सिंगला नंबर लागला होता. दसऱ्यानंतर वसतिगृहात जायचं होतं आणि त्यासाठी आईनं पत्र्याची पेटीही आणली होती. शिकलेली पोरगी म्हणून वार्षिक सभेत चिठ्ठी काढायचा मान चेअरमननी मला दिला. चिठ्ठ्या दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये होत्या. हात काखेपर्यंत आत गेला. मी चिठ्ठी काढली, उघडली आणि आमचाच नंबर वाचला.

टाळ्या कमी वाजल्या, कुजबुज जास्त झाली. पोरीच्या हातानं बापाचीच चिठ्ठी बरी निघाली, असं मागून कुणीतरी म्हणालं. वडील तडक उठले आणि म्हणाले, मला गाय नको, दुसरी चिठ्ठी काढा. चेअरमननी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की आता गाय नाकारली तर लोक म्हणतात तेच खरं ठरेल. घ्यावी तरी पंचाईत, न घ्यावी तरी पंचाईत. गाय घरी आली.

आई-वडील दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे. जाताना आमची गावरान गाय चुलत्यांकडं बांधली जायची. हिला तिथं बांधता येईना, कारण अट होती. आणि गाभण जनावर कारखान्यापर्यंत नेता येईना. मग एका सकाळी वडील माझ्या पेटीकडं बघत म्हणाले, "तुझ्या हातानं निघालीया, तूच संबाळ. एका वर्साचा तर सवाल हाय."

उसाला जायच्या आदल्या दिवशी आईनं पेटीतले माझे कपडे काढले आणि उंदीर लागू नयेत म्हणून तिच्यात सरकी पेंड भरून ठेवली. त्या वेळी मला दोघांचाही भयंकर राग आला होता.

रात्री सोबतीला चुलती यायची, बाकी दिवसभर मी आणि गाय. उन्हाळ्याआधी चारा छावणी उघडली, तेव्हा तिला तिथं नेऊन बांधलं. छावणीत रोज जनावरं मोजायचे आणि मोजणीला मालक हजर लागायचा, त्यामुळं एक दिवससुद्धा कुठं हलता येत नसे. जर्सीला ऊन सोसत नाही. दुपारभर मी तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकत बसायचे, आणि ते भिजवण्यात माझ्या आंघोळीचं पाणी जायचं. ती तिथंच व्याली. माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. सगळे त्याचं कौतुक करायचे, मी मात्र दुसऱ्या कुणाला तरी धारेला बसवून बघत राहायचे.

वर्ष भरत आलं तेव्हा मी वडिलांना म्हटलं, आता गाय विकू, मी पुन्हा फॉर्म भरून अंबाजोगाईला जाते. ते वासराच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"इकायची कावून? आता कुठं लई चांगली दुधाला लागलीया. आन् तुझ्याबिगर ती कुनाला धार काडू देती का?"

त्याच आठवड्यात वार्षिक सभा होती. बक्षीस पुन्हा गाय. पाऊस त्याही वर्षी यथातथाच झाला होता. हाताला गुण आहे म्हणून चिठ्ठी काढायला पुन्हा मलाच उभं केलं. आमची चिठ्ठी यंदा घातलेली नव्हती. मी कॅनमध्ये हात घातला, एक चिठ्ठी काढून उघडली. रोज दोन वेळा दुधाच्या रांगेत उभी राहून किटल्यांवर रंगवलेले सगळे नंबर मला पाठ झाले होते, त्यामुळं तो कुणाचा हे लगेच कळलं. त्या घरची मुलगी पुढंच बसली होती. यंदा बारावी झालेली. नर्सिंगच्या फॉर्मला कोणते कागद लागतात, ते कालच माझ्याकडून लिहून घेऊन गेली होती. तिच्याही घरचे दसऱ्यानंतर उसाला जाणारे.

सचिव माईकशी झगडत होते, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. चिठ्ठी परत आत टाकून दुसरी काढता आली असती. मी ती पुन्हा एकदा वाचली आणि मोठ्यानं नंबर सांगितला. सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, आता छावणीत आपण एकट्या नसणार, असं वाटून मला बरं वाटलं.