कुशनखाली हात

मी डूख धरते. आमच्या निपाणीच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या त्या दुकानदाराला ठाऊक नव्हतं.

अपघातानंतर व्हीलचेअरवर टाकायचं कुशन मी त्याच्याकडून घेतलं. "अक्का, आता आयुष्यभर बघायला नको," असं तो छातीठोकपणे म्हणाला होता. पहिलं वर्ष छान गेलं. मग आतला फोम दबत गेला असणार, पण कव्हर वरून नव्यासारखं, आणि मला कमरेखाली काही कळत नाही. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात मी दिवसच्या दिवस जवळजवळ फळीवर बसले आणि खुशाल काम करत राहिले. शेवटी एक जखम झाली, पार हाडापर्यंत. कित्येक महिने पालथी पडून होते. टीम लीडची जागा माझ्या हातची गेली. ती ज्याला मिळाली तो मला बघायला सफरचंदं घेऊन आला.

ड्रेसिंग करणारी नर्स एकदा म्हणाली, "तळवा वर करून कुशनखाली हात घालायचा. बसायचं हाड हाताला लागलं की कुशन संपलं म्हणायचं. दुकानात सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. मी फोन केला तर तो म्हणतो कसा, "अक्का, तुम्ही फार वेळ बसता." तळपायाची आग मस्तकात गेली. माझे तळपाय मुके आहेत, तरी गेली.

बरी झाल्यावर मी दुसरीकडून कुशन घेतलं आणि दर शनिवारी त्याच्या दुकानात जायला लागले. भांडायला नाही. दाराशी व्हीलचेअर लावायची आणि येईल त्या गिऱ्हाइकाला, कन्नडात नाहीतर हिंदीत, हात कुठे घालायचा ते शिकवायचं. लोक जुनी कुशनं घेऊन तक्रारी करत परत येऊ लागले. त्याने मला चहा पाजून पाहिला, दम देऊन पाहिला. मी चहा प्यायचे आणि तिथेच बसायचे. फार वेळ बसायची सवयच ना मला.

एका शनिवारी दुकान भरलेलं असताना त्याचा तोल सुटला. "माझी सख्खी आई कित्येक वर्षं हेच कुशन वापरते," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि मागच्या घरातून तिला व्हीलचेअरसकट ढकलत घेऊन आला. म्हातारी बिचारी एवढी माणसं बघून पदर सावरायला लागली.

मला मनातून उकळ्या फुटल्या होत्या. "अम्मा, कुशनखाली हात घातला तर चालेल?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. हात घातला आणि हाड लागलं. मी त्याचं मनगट धरलं आणि सगळ्यांदेखत त्याचाच हात तिथे घातला.

तो वाकलेला तसाच राहिला. मग हळूच त्याने आईला विचारलं, "दुखत नाही का?"

"दुखतं की. खूप दिवस झाले," अम्मा म्हणाल्या. "पण माल तुझा. मीच नावं ठेवली तर दुसरं कोण घेईल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. हाच चेहरा बघायला मी इतके शनिवार घालवले होते. तो मी पोटभर बघून घेतला.

मग म्हटलं, "अण्णा, शटर ओढा. आधी अम्मांना पालथं निजवा आणि जखम झालीय का बघा."