बहुतेक म्हणजे किती

म्हैस व्याली की पहिल्या दोन दिवसांचा चीक एकट्यानं खायचा नसतो. आमच्याकडं तो आळीत वाटतात. कच्चाच, तांब्यातून, ज्यानं त्यानं आपल्या घरी गूळ-वेलदोडा घालून खरवस करायचा. यंदाही वाटला. मुलगा शिरवळला कंपनीत असतो, घरात सून, नात आणि मी. वाटायला नेहमीसारखी सूनच गेली. मला कुणाच्या दारात उभं राहून बोलायला जमत नाही.

पाचव्या दिवशी म्हशीनं वैरण सोडली. तोंडातून लाळेच्या तारा, सारखं हंबरणं, दाव्याला हिसके. सुनेनं फोन करून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि विचारलं, "मध्ये कधी कुत्रं चावलं होतं का हिला?"

दीड-दोन महिन्यांपूर्वी एक भटकं कुत्रं गोठ्यात शिरलं होतं. मी काठीनं हाकललं. म्हशीच्या नाकाडावर ओरखडा दिसला, त्यावर हळद लावली आणि विसरून गेले.

"प्रॉबेबली रेबीज," डॉक्टर म्हणाले. "जवळ जाऊ नका. रेडकू वेगळं बांधा. आणि कच्चं दूध कुणी घेतलंय का बघा, त्यांना इंजेक्शनं लागतील."

त्यांच्यासमोर तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती. ते हात धुवायला गेल्यावर सुनेला कोपऱ्यात ओढलं.

"प्रॉबेबली म्हंजे नक्की?"

"नक्की न्हाई, आत्या. बहुतेक."

"म्हंजे नसंल बी?"

"नसंल बी. पन असायचंच जास्त."

तेव्हा मी तिला सांगितलं. पहिल्या धारा काढताना नात माझ्याजवळ बसली होती. तिनं चरवीत बोट बुडवून चाटलं. "गोड न्हाई गं आजे," म्हणाली, आणि मी हसले. हे फक्त मीच पाहिलं होतं.

सुनेनं पोरीला उचललं आणि सांगलीची एसटी गाठायला निघाली. उंबऱ्यातून एवढंच म्हणाली, "आळीत तुमीच जावा आता."

पहिल्या घरासमोर मी नुसतीच उभी राहिले. शेवटी तिथल्या काकीच बाहेर आल्या. "आज इकडं कशी वाट चुकलीस?"

मी पदर तोंडाशी धरला. "काकी, त्यो चीक... उकडूनच खाल्ला न्हवं?"

"मग काय तांब्याच तोंडाला लावीन? एवढी हावरट वाटले व्हय गं मी?"

कारण सांगितलं तेव्हा त्यांचं हसू गेलं. पुढच्या घरातला माणूस म्हणाला, "तुमच्या चिकापायी उद्या आमी भुंकाय लागलो म्हंजे?" त्याची बायको त्याच्यावर खेकसली, पण आत ये असं तीही म्हणाली नाही. सगळीकडं खरवसच झाला होता. कच्चा कुणी चाखला नव्हता. म्हणजे उरली एकटी आमची पोर.

संध्याकाळी दोघी आल्या. पहिलं इंजेक्शन झालं होतं. "डाक्टरीणबाई म्हनल्या, प्रॉबेबली काय हुनार न्हाई," सून म्हणाली.

तोच शब्द. सकाळी ऐकला तेव्हा मी तो पुरता खरा धरला होता. त्यातलं 'नसंल बी' मीच विचारून घेतलं, तरी ते माझ्या मनात शिरलंच नव्हतं. आता मात्र मला तेवढंच ऐकू येत होतं. मी चौथी शिकलेली. अर्धं, पाव, पाऊण मला कळतं. बहुतेक म्हणजे किती, हे कुणाला विचारायचं?

म्हैस दुसऱ्या दिवशी गेली. रानात खोल खड्डा काढून पुरली. तिची तपासणी काही झाली नाही, तेव्हा तिकडचं बहुतेकही तसंच राहिलं. म्हशीची लाळ मी पुसली होती म्हणून मलाही इंजेक्शनं घ्यावी लागली. दंडाला सुई टोचताना मी पोरीकडंच बघत होते.

तिचीही सगळी इंजेक्शनं झाली. काळजी सोडा, असं बाईंनी सांगितलं. पण या रोगात माणूस पाण्याला भितं, एवढं मला माहीत आहे. म्हणून ती झोपेतून उठली की मी तांब्या पुढं करते. शाळेतून आली की तांब्या. काल ती वैतागली.

"आजे, किती पानी पाजतीस गं? मी काय म्हैस हाय व्हय?"

मी तांब्या आणखी पुढं सरकवला. "पी गं बाय. एक घोट."

तिनं तोंड वाकडं केलं, तांब्या उचलला आणि वरून धार लावून गटागटा प्यायली. शेवटचा घोट खाली उतरेपर्यंत मी तिच्या गळ्याकडं बघत होते.