बसून घेतलेलं माप

सदर भागातल्या आमच्या शिंप्यांकडे मी अकरा वर्षं जातो, पण त्यांचं नाव मला ठाऊक नाही. सगळे त्यांना मास्टरजी म्हणतात. माप घेताना ते आकडा दोनदा पुटपुटतात आणि गिऱ्हाइकाच्या पोटाला एक तरी टोमणा मारतात.

मला हायटस हर्निया आहे, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकतो. कंबर आवळली की आंबट पाणी घशाशी येतं. मुलीच्या कन्यादानाला मात्र धोतर नेसून दोन तास मांडी घालून बसायचं होतं. कन्यादान होईपर्यंतच्या उपासात थोडं खायची सूट गुरुजींनी दिली होती. धोतराचं काय करायचं? ते शिवूनच घ्यावं म्हणून मी मास्टरजींपुढे उभा राहिलो.

"छत्तीस," मी म्हणालो.

"उभ्यानं काहून माप देऊन राहिले काका? लग्न उभ्यानं लावता का? चलो, बसा!"

त्यांनी समोरून अर्धी प्लेट पोहे मागवले, मला खायला लावले, मांडी घालून बसवलं आणि पुन्हा टेप लावली.

"साडेअडतीस! अच्छा, आता पोट खरं बोललं. कमरेत दोन बोटं आरामात गेली पाहिजेत."

लग्नात सगळे मुलीकडे पाहत होते. आमंत्रणावरून आलेले मास्टरजी माझ्या कमरेकडे. दीड तास झाला होता, आंबट पाणी एकदाही घशाशी आलं नव्हतं. त्यांनी दुरूनच भुवई उंचावली. मी हळूच दोन बोटं कमरेत सरकवून दाखवली.

मंत्र चालू असतानाच भर मांडवात एकट्या मास्टरजींनी टाळ्या वाजवल्या.