दोन अक्षरं घासलेली रायफल

माझं शेवटचं पोस्टिंग अबुधाबीत झालं. पेन्शन सुरू झाल्यावर. हुकूम पलटणीचा नव्हता, एका अरबाबचा, म्हणजे तिथल्या अरब मालकाचा होता. त्याच्याकडे जुन्या लष्करी रायफली एकेचाळीस, आणि त्यांची निगा राखायला मी, हवालदार आर्मरर माने, रिटायर्ड. बोल्टच्या खटक्यावरून मी रायफलीचं गाव सांगतो. एकदा एका रायफलीनं मला ओळखून सलामही ठोकला होता. ते असो.

लोक विचारतात, अशी जुनी रायफल मालकानं फायर करावी का? तपासलेली असेल तर खुशाल करावी. ती काही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. पण तिच्यावर 'डीपी' कोरलेलं असेल तर कधीच नाही. तुमचा डीपी म्हणजे फोनवरचा फोटो. आमचा डीपी म्हणजे ड्रिल पर्पज. कवायतीपुरती, आतून थकलेली.

पलटणीत कुणीतरी अशाच एका थ्री-नॉट-थ्रीचा डीपीचा पांढरा पट्टा रंग मारून झाकून टाकला. ती लान्सनायक भोसलेच्या हातात गेली. पहिल्याच गोळीला बोल्ट सुटून मागे तोंडावर आला. स्ट्रेचरचं पुढचं टोक माझ्याकडे, मागचं शिपाई कदमकडे. एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, अकराशे पावलं. भोसले आठशेव्या पावलाला गेला. हा आकडा मी वाढवलेला नाही. त्याला गावी पोचवलं तेही आम्ही दोघांनीच.

त्या कदमला अबुधाबीत मीच आणला. अरबाबला म्हणालो, "मेरा आदमी है." अरबाबच्या शूटिंग क्लबच्या रेंजवर तो लागला.

त्या दिवशी सकाळी 0640 ला रेंजवर पोचलो. अरबाबचे चार पाहुणे आले होते. टेबलावर नवी घेतलेली थ्री-नॉट-थ्री. आठवड्यापूर्वी तिच्यावरचं डीपी वाचून मीच लाल टॅग बांधला होता. आता टॅग नव्हता. अंगठा फिरवला. अक्षरंही नव्हती. रजिस्टरात 'फिट फॉर फायर', खाली माझी सही. मी न केलेली.

माझी सही जगात दोघांनाच येते. पलटणीत माझी किट लिस्ट कदमच भरायचा, सहीसकट.

"कदम, रायफल फिट?"

"फिट, उस्ताद."

"माझ्याकडं बघून बोल."

तो टार्गेटकडेच बघत राहिला. "ही फायर झाली तर रेंज इनचार्ज करतो म्हणालाय अरबाब. फॅमिली व्हिसा देतो म्हणालाय. पाचच राउंड, उस्ताद. काय होतंय?"

"भोसलेला विचार."

त्यानं पाच राउंड मोजून टेबलावर ठेवले.

"यल्ला, माने!" अरबाब ओरडला. "क्या देर है?"

आयुष्यभराची विद्या कामाला लावली. "अरबाब, हमारी पलटन का दस्तूर है. सौ साल की रायफल पहली गोली अकेली चलाती है. उसकी इज्जत है."

असला दस्तूर कुठल्याच पलटणीत नाही. अरबाब हरखला. पाहुण्यांनी फोन काढले.

रायफल जुन्या टायरला बांधली. ट्रिगरला वीस मीटर दोरी. सगळे भिंतीआड. दोरीचं टोक मी कदमच्या हातात दिलं.

"उस्ताद, तुम्ही..."

"फायर."

0712. टायर फाटला. बोल्ट मागच्या वाळूच्या पोत्यात कोपरभर घुसला. अरबाबनं पोतं पाहिलं, मग स्वतःच्या गालाला हात लावला.

"खलास," तो हळूच म्हणाला. मग रजिस्टर उघडलं. "साइन किसका है, माने?"

मी कदमला तीन श्वास दिले. तो दोरी गुंडाळत राहिला.

"मेरा नहीं है," मी म्हणालो. त्यापुढे एक शब्द बोललो नाही. अरबाबला त्याची गरजही पडली नाही.

दुपारी कदम बॅग घेऊन आला, हात पुढे केला. माझे हात तेलकट आहेत, म्हणालो. नव्हते.

भोसलेच्या तिथीला त्याच्या आईला आम्ही फोन करतो. स्पीकर लावून, दोघं. यंदा मी एकट्यानं केला.

"कदम कुठाय रं?" म्हातारीनं विचारलं.

"ड्युटीवर आहे, आई."

"बरं. त्याला म्हणावं, माझ्या लेकराला दोघांनी आणलं हुतं. फोनबी दोघांनीच करायचा."