शिरोलीतले दोन न्यूझीलंड आणि एक डच

तो गुन्हा मी विसरायचं म्हटलं, तरी माझे जुने सहकारी मला विसरू देत नाहीत. आजही कुणाच्या घरच्या कार्यात भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, डच काय म्हणतोय?"

तेव्हा मी कोल्हापूरजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. त्या दिवशी सकाळपासून बंदोबस्तात उभा होतो. तिथेच माझ्या खबऱ्याचा फोन आला. हा गडी बोलायला कंजूष, पण त्याची खबर कधी खोटी निघाली नव्हती.

"साहेब, शिरोली एमआयडीसीत ती बंद पडलेली शेड हाय न्हवं? तिथं दोन न्यूझीलंड, एक कॅलिफोर्निया आन एक डच कोंडून ठेवल्यात. डचाची तब्येत बरी न्हाय. रविवारी कापणार हायेत." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

एमआयडीसीत यंत्रांच्या कामाला परदेशी इंजिनिअर येतात, त्यामुळे मला शंका घ्यायला जागाच नव्हती. चार परदेशी नागरिक, आणि तेही माझ्या हद्दीत. वरिष्ठांना कळवलं, जादा कुमक मागवली, आजारी डचासाठी रुग्णवाहिका घेतली आणि शेडला वेढा दिला. दारावर थाप मारून मी जमेल तेवढ्या इंग्रजीत सांगितलं की पोलीस आले आहेत, कुणी घाबरू नये. मग दार तोडलं.

आत एका लोखंडी पिंजऱ्यात चार ससे गवत खात होते. त्यांनी खाणं थांबवून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागले. रुग्णवाहिकेचा माणूस स्ट्रेचर घेऊन आत आला होता, तो तसाच मागे फिरला. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला, सगळे सुखरूप आहेत का? मी म्हणालो, "सुखरूप आहेत सर. जेवतायत."

खबऱ्याची यात काही चूक नव्हती. सकाळी मी बंदोबस्तात असताना ठाण्यात सशांच्या चोरीची फिर्याद दाखल झाली होती. ठाण्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर ती सगळ्यांना कळली होती. साहेबांना माहीत असणारच, असं तो धरून चालला. माहीत नव्हतं ते फक्त साहेबांना. पाळीव सशांच्या जातींना देशांची नावं देणाऱ्यांनी पोलिसांचा जरा विचार करायला हवा होता.

शेडमध्येच एक आचारी सापडला. रविवारी कुणाच्या तरी शेतावर जेवण होतं आणि त्यात सशाचा रस्सा करायचा बेत होता. पंचांसमक्ष पिंजरा जप्त करून आम्ही त्याला ठाण्यात आणलं.

फिर्यादी आक्का सकाळपासून बाकावर बसून होती. करवीर तालुक्यातल्या एका गावची, नवरा वारलेला, शेतातल्या घरात एकटी राहणारी बाई. मी तिला म्हणालो, "आक्का, चार सशांसाठी एवढं काय? दुसरे घ्या."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. मग हळू आवाजात सांगितलं की मुलगी तिला पुण्याला फ्लॅटमध्ये न्यायला टपलेली आहे आणि ती दर वेळी एकच सबब सांगते, सशांना कोण बघणार? चोरीचं कळल्यावर मुलगी गाडी घेऊन निघालीसुद्धा होती. "ससं गेलं तर माझं घर गेलं, साहेब," ती म्हणाली.

मग मात्र मी मन लावून कामाला लागलो. पण आचारी बिलंदर होता. सशावर कुठं नाव लिहिलेलं असतं का, असं तो मलाच विचारायला लागला. त्याचं म्हणणं एकच, ससे रानातले आहेत, उसात फासा लावून धरले. दोन पांढरेशुभ्र ससे उसात! पण मी वाद घातला नाही. आरोपी खोटं बोलत असला तर त्याला त्याच वाटेने आणखी थोडं पुढे जाऊ द्यावं, हा माझा नेहमीचा शिरस्ता.

मी हवालदाराला म्हणालो, "फॉरेस्टवाल्यांना फोन लावा. रानससा धरला म्हणजे वन्यजीव कायदा लागतो. चोरीपेक्षा मोठं प्रकरण आहे हे."

आचारी खुर्चीवरून उठलाच. "रानातलं न्हाय साहेब! नीट बघा की. ह्ये दोन लाल डोळ्याचं, ह्ये न्यूझीलंड व्हाइट. त्यो नाक-कान काळं असलेला कॅलिफोर्नियन. आन कमरंपासनं मागं काळा, मधी पांढरा पट्टा, त्यो डच. रानससा तपकिरी असतोय, त्यो असा पिंजऱ्यात बसंल व्हय?"

दारातून आक्काचा आवाज आला, "ह्ये समदं मीच सांगितलं त्याला. ससं बघायला आलता, चहा पाजला मी."

आचारी मटकन खाली बसला. चोरी कबूल करताना त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता.

मुद्देमाल सोडायला कोर्टाचा आदेश लागतो, त्यामुळे ससे ठाण्यातच ठेवावे लागले. महिला कोठडी रिकामी होती, तिथे त्यांची सोय केली. आजारी डच पोटाचे केस उपटत होता, म्हणून मी पशुवैद्याला बोलवायला निघालो, तर आक्का हसली. म्हणाली, थोडं कोरडं गवत द्या आणि तिथं गर्दी करू नका. सकाळी कोठडी उघडली तर केसांच्या मऊ घरट्यात सहा पिल्लं वळवळत होती. तो डच नव्हताच, ती डच निघाली. मुद्देमाल कारकून डोक्याला हात लावून बसला, कारण ठाण्याच्या ताब्यात असताना मुद्देमाल वाढल्याची नोंद कशी करायची, हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. खबर कितीही पक्की असली तरी आधी विचारावं, माणूस की जनावर. आणि फिर्यादीचं काय चोरीला गेलं हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय गुन्हा लहान की मोठा हे ठरवू नये. मला चार ससे दिसत होते, तिला अख्खं घर दिसत होतं. हे कळायला मला जवळजवळ सगळी नोकरी लागली, याचं वाईट वाटतं.

कोर्टाचा आदेश आला तेव्हा मुलगी ठाण्याच्या दारात गाडी घेऊन उभी होती. आक्काने पिंजरा मागच्या सीटवर ठेवला आणि शेजारी बसली. "चल, घरी सोड मला," ती मुलीला म्हणाली. "घरात बाळंतीण हाय. पुण्याला कशी येऊ मी?"