दोन दारांची जागा

लग्नात जेवून आलेला माणूस बुंदी कशी होती ते सांगतो. मांडव घालणाऱ्याला विचारलं तर तो खांब कुठं पुरला अन् खड्ड्यात काय निघालं ते सांगेल. निवडणुकांचंही तसंच असतं. कोण आलं, कोण पडलं हे तुम्हाला सगळं गाव सांगेल. मी मांडववाला. निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत अहलकार होतो, म्हणजे साधा कारकून. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या कसब्यात बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची निवडणूक लागली की राय कुठं टाकायची अन् कुठं मोजायची, ती जागा शोधणं माझ्या गळ्यात पडायचं. मताला तेव्हा राय म्हणायचे. असल्या कामात बढती मिळत नाही, किस्से मात्र न बोलावता येऊन बसतात आणि उठा म्हटलं तरी उठत नाहीत. यातलं काही तुम्हाला खोटं वाटेल. जे खोटं वाटेल तेवढं खरं समजा. बाकीच्याची हमी मी घेत नाही.

*

त्या वर्षी आमच्या पेठेतून एक जागा होती आणि उमेदवार दोन. एक शिवलिंगप्पा सेठ. लिंगायत, कापसाचा व्यापार, स्वतःची जिनिंग, कपाळावर भस्म आणि तोंडात सदैव ‘बसा’. दुसरे देशमुख. त्यांच्या तोंडात सदैव ‘उठा’.

राय सगळ्यांना नव्हती. ज्याच्या नावावर घरपट्टी, त्यालाच. आणि त्या वर्षी घरपट्टीवाल्यांत पहिल्यांदाच महारवाड्यातला एक माणूस आला होता, राघोजी. चुडाव्याच्या बाजूला रेल्वेत गँगमन. रुळावर राबून त्यानं गावात पत्र्याचं घर बांधलं. पत्रे चमकलेले बघून बलदियानं पट्टी लावली, आणि पट्टी लावली म्हणून राय मिळाली. सुट्टीवर आला की तो कचेरीच्या पायरीखाली उभा राहायचा.

“भाऊराव, म्या कुठं टाकायची?”

“जागा बघायलोय राघोजी.”

“बगा. पर म्या आत येईन अशी बगा.”

मागणी एवढीच. सगळा घोळ तिच्यापायी झाला.

*

वरून हुकूम आला. जागेला छप्पर हवं, हवा यायला हवी, दारं दोन हवीत, एकातून आत अन् दुसऱ्यातून बाहेर. आणि ज्याला राय आहे तो प्रत्येक इसम आत जाऊ शकेल अशी ती जागा हवी. शेवटचं कलम लिहिणाऱ्यानं आमचं गाव पाहिलेलं नव्हतं.

आमचे पेशकार साहेब, म्हणजे तहसीलदारांच्या खालोखालचे हाकिम, भर उन्हाळ्यातही शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावणारे. हुकमातला शब्दन् शब्द पाळणारे. आम्ही दोघं गावभर दारं बघत फिरलो. देवळाला दोन दारं होती, पण तिथं मुसलमानांची निम्मी पेठ जाणार नाही आणि राघोजीला जाऊ देणार नाहीत. बाकी घरांना एकेकच दार. शेवटी वेशीजवळ एक इमारत सापडली. छप्पर, हवा, दोन दारं, सगळं हुकमाबरहुकूम. शिंदीखाना, म्हणजे शिंदीच्या दारूचा गुत्ता.

पेशकार साहेबांनी मालकाला विचारलं, “ये दूसरा दरवाजा कायकू रखे?”

मालक म्हणाला, “हुजूर, बायकू पैल्या दारातून आली की नवरा दुसऱ्यातून जातो.”

साहेब विचारात पडले. मग मला म्हणाले, “भाऊराव, जगह अच्छी है. लेकिन यहाँ गिने तो लोगाँ बोलेंगे, पीके गिने.”

*

मग चावडी. सरकारी इमारत, सगळ्यांची. पण महारवाड्यातल्या माणसानं तिच्या पायरीखाली उभं राहायचं हा रिवाज. कामकाज पायरीखालूनच चालायचं. पाटलांना त्यात काही अडचण वाटेना.

“राघोजीनं खालूनच सांगावं,” पाटील म्हणाले, “लाल का पिवळी. आमी वर टाकतो की त्याच्या नावानं. त्याला तरी कशाला तसदी?”

राघोजी पायरीखालीच उभा होता. म्हणाला, “पाटील, माझ्या वाटची भाकर तुमी खाल्ली तर माझं प्वाट भरल का?”

पाटलांनी खूप विचार केला. “माझं तर भरल,” म्हणाले.

*

लाल आणि पिवळी म्हणजे पेट्या. देशमुखांची लाल, सेठची पिवळी. पडद्यामागं दोन्ही ठेवायच्या, चिठ्ठी ज्याच्या त्याच्या मनाला येईल तीत टाकायची. वाचता न येणाऱ्यालाही रंग कळतो, म्हणून ही युक्ती.

तहसीलदार साहेबांनी चावडीवर तोडगा काढला. राघोजीसाठी दोन वेगळ्या पेट्या पायरीखाली ठेवा. आम्ही सगळे ‘वा’ म्हणालो. तहसीलदारांना ‘वा’च म्हणायचं असतं. पेशकार साहेब तेवढे गप्प बसले.

“क्यूँ पेशकार साहेब?”

“हुजूर, नीचे आदमी एक. उसकी चिठ्ठी एक. पेटी खोले तो सारा गाँव देखा. फिर परदा किससे कर रहे हम?”

राघोजीचा भाऊ देशमुखांकडं सालगडी होता आणि बायको सेठच्या जिनिंगमध्ये कामाला होती. राय लाल पेटीत निघाली तर एकीची मजुरी जाणार, पिवळीत निघाली तर दुसऱ्याचं साल मोडणार. हे तहसीलदारांना सांगितल्यावर ते म्हणाले, “मग त्यानं राय देऊच नये, हे बरं न्हाई का?” पायरीखालून उत्तर आलं, “पट्टी भरली न्हाई तर चालल का साहेब?”

तोडगा तिथंच बारगळला.

*

सेठनी आपण होऊन जिनिंगचं कापसाचं गोदाम देऊ केलं. “आमच्याकडं कुनालाबी मनाई न्हाई. या, बसा.” खरंच मनाई नव्हती. मजूर सगळ्या आळीतले होते. पेशकार साहेब पाहणीला आत गेले. आतमध्ये नुकतीच सरकी काढलेली रुई छतापर्यंत होती. साहेब शिंकले. एकदा नाही, शिंकतच राहिले. प्रत्येक शिंकेला रुई उडायची आणि उडालेल्या रुईमुळं पुढची शिंक यायची. काळी शेरवानी अन् लाल टोपी घालून गेलेले साहेब बाहेर आले ते डोक्यापासून जोड्यापर्यंत पांढरे.

दाराशी उभा असलेला आमचा चपराशी अदबीनं बाजूला झाला आणि म्हणाला, “बाबा, आमचे साहेब आत दिसले का हो?”

गोदाम नामंजूर झालं. देशमुखांनी तक्रार करायच्याही आधी.

*

त्यानंतर मला एक फार चांगली कल्पना सुचली. मोठे हाकिम दौऱ्यावर आले की त्यांच्यासाठी तंबू लागायचा. तंबूला उंबरा नाही, पायरी नाही, देव नाही. काल नव्हता तो आज उभा राहिलेला, त्यात कुणी आजवर कुठं उभं राहायचं याचा रिवाजच नाही. राघोजी म्हणाला, “ह्ये ब्येस हाय.” जिल्ह्याहून तंबू मागवला, माळावर ठोकला, दोन दारं केली.

संध्याकाळी वावटळ आली. सगळ्या खुंट्या एकदमच निघाल्या आणि तंबू उठून उभा राहिला तसा चालायला लागला. आम्ही मागं पळतोय, तो पुढं. मग तो जो वर गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी तो येलदरीला पूर्णेच्या पात्रात उतरला म्हणे. तिथल्या भोयांनी त्याचं शीड करून मासे धरायला सुरुवातही केली होती. मी मागायला गेलो तर एक म्हातारा भोई म्हणाला, “मालक, वरून आल्यालं हाय. तुमी वरून आलात का?”

येलदरी आमच्यापासून किती लांब आहे ते नकाशात बघत बसू नका. तंबूनं नकाशा बघितला नव्हता.

*

आता दिवस उरले नव्हते. जागा मिळाली नाही तर चावडीवरच राय घ्या, असा तहसीलदारांनी निर्वाणीचा हुकूम दिला. म्हणजे राघोजी बाहेर. त्याला हे सांगायला मी निघालो तर तो घरी नव्हता. शेळी कोंडवाड्यात गेली म्हणून सोडवायला गेला, असं कळलं.

कोंडवाडा म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरं सरकार धरून ठेवतं ती जागा. मी तिथं पोचलो आणि दारातच थांबलो. आत एकाच छपराखाली तीन माणसं शेजारी शेजारी उभी होती. शिवलिंगप्पा सेठ गाईसाठी, देशमुख बैलासाठी आणि राघोजी शेळीसाठी. गाय बैलाला खेटलेली, शेळी दोघांच्या पोटाखाली. तिघंही शिपायाची वाट बघत होते आणि कुणी कुणाला ‘सरक’ म्हणत नव्हतं. कोंडवाड्यात शिवाशिवी पाळायची रीतच नव्हती. जनावरांनीच ती आधी मोडलेली असायची, मग माणसांनी कुणाच्या तोंडानं पाळायची?

मी इकडं तिकडं पाहिलं. छप्पर होतं. हवा तर इतकी की वास टिकत नव्हता. जनावर आणायचं दार पुढं, सोडायचं दार मागं.

मी पेशकार साहेबांना हाताला धरून आणलं. त्यांनी हुकमाचा कागद काढला, एकेक कलम वाचलं आणि प्रत्येक कलमाला मान हलवली.

दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर देशमुख मात्र भडकले. “मी राय टाकायला कोंडवाड्यात जाऊ?”

“कल आप वहींच थे, देशमुख साहेब,” पेशकार म्हणाले.

*

जनावरं हलवली, जमीन सारवली, पेशकार साहेबांनी स्वतःच्या घरचा पडदा आणून लावला. पण महादेवाला सोडलेला एक वळू कोपऱ्यातून हलेना. दंड भरून सोडवावा तर मालक कोण? शेवटी त्याला तिथंच बांधलं. राय द्यायला येणारा आधी वळूला हात जोडायचा अन् मग पडद्यामागं जायचा. देशमुखांनी लगेच हरकत घेतली, हा वळू सेठच्या देवाचा, म्हणजे हा सेठचा प्रचार झाला. पेशकार साहेबांनी हरकत नोंदवली आणि खाली निर्णय लिहिला, ‘मालकाला बोलावलं, हजर झाला नाही. काम चालू ठेवावं.’

राघोजी उजाडायच्या आधीच दाराशी येऊन बसला होता, रेल्वेचा निळा कोट घालून. देशमुख आले तेव्हा तो रांगेत पहिला. गावात पहिलं पान, पहिला विडा, पहिला नारळ देशमुखांचा. ते सरळ पुढं निघाले.

“सरक. आधी आमी.”

राघोजी उभा राहिला, पण सरकला नाही. त्याचा भाऊ लांब लिंबाखाली उभा होता, त्यानं मान खाली घातली.

पेशकार साहेब दारातून म्हणाले, “देशमुख साहेब, कोंडवाडे का कायदा है. जो पहले आया, वो पहले छूटेगा.”

राघोजी आत गेला. पडद्यामागं बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर लाल नव्हतं अन् पिवळं नव्हतं. मागच्या दारानं निघून गेला.

मोजणीही तिथंच झाली, दोन्ही दारं लावून. सेठ एका रायेनं आले. देशमुखांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा एकच.

*

त्या एका रायेनं गावाची झोप उडवली. पुढचं मी आता सांगतोय, कारण सेठ अन् देशमुख दोघंही हयात नाहीत आणि राघोजी बदली होऊन कधीच पूर्णा जंक्शनला गेला.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, देशमुखांनी मला बोलावलं. डोक्यावरून उपरणं घेतलेलं. म्हणाले, “राघोजीचं घर दाव.” त्यांनी महारवाड्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि मला घर माहीत होतं, कारण पट्टी लावायच्या वेळी मोजायला मीच गेलो होतो. वाटेत म्हणाले, “त्यानं मला दिली नसंल तर त्याच्या भावाचा हिशोब आजच करतो.”

आम्ही वाकून आत शिरलो. बाजेवर शिवलिंगप्पा सेठ बसलेले. पत्र्याखाली घामानं भस्म विरघळून नाकावर आलेलं.

“तुमी इथं?” देशमुख म्हणाले.

“बसा,” सेठ म्हणाले.

सेठनाही तेच हवं होतं. ती एक राय राघोजीची असली तर उपकार मानायचे, आणि नसली तर त्याची बायको जिनिंगमध्ये ठेवायची की नाही ते ठरवायचं.

राघोजी चुलीपाशी होता. “तुमी दोघं काय इचारायला आलाव ते मला ठाव हाय,” तो म्हणाला. “सांगतो की. पर माझ्या घरी आल्यालं मानूस कोरडं जात न्हाई. आदी च्या घ्या.”

त्यानं स्टेशनावरून आणलेले चिनी मातीचे तीन कप भरून पुढं ठेवले. सेठ बाहेरचं पाणीही प्यायचे नाहीत. देशमुखांचं तर विचारूच नका. मी माझा कप उचलला, पण माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. वर पत्रे तडतडत होते. सेठ देशमुखांकडं बघायलेत, देशमुख दाराकडं. शेवटी देशमुखांनी डोळे मिटून कप तोंडाला लावला. ते प्यायले म्हटल्यावर सेठनी एका दमात संपवला.

“हं,” देशमुख तोंड पुसत म्हणाले, “आता बोल. कुठल्या पेटीत टाकली?”

राघोजीनं तिन्ही कप गोळा केले, विसळले आणि फळीवर पालथे घातले.

“मालक, तुमी दोघांनी कुठं च्या पिला ते म्या कुनाला सांगणार न्हाई. म्या कुठं टाकली ते तुमी मला इचारू नका.”